तारणारा (मसीहा)

मानवाला पाप व मृत्यू यांतून सोडवण्यासाठी देवाने वचनपूर्वक पाठवलेला, सैतानावर विजय मिळवणारा अभिषिक्त त्राता. ख्रिस्ती धर्मातील मध्यवर्ती श्रद्धा.

उगम : उत्पत्ती ३:१५ मध्ये स्त्रीची संतती सर्पाचे डोके फोडील आणि सर्प तिची टाच फोडील, असे देव सांगतो. सर्प म्हणजे सैतान असे समजून ख्रिस्ती परंपरा यास तारणाऱ्याविषयीचे पहिले वचन मानते. यशया, मीखा आदी संदेष्ट्यांनी दाविदाच्या वंशातील राजाचे भाकीत केले (पहा : जुना करार, ज्यू धर्म). शुभवर्तमानांत ही वचने येशूला लावली आहेत.

वैशिष्ट्ये : सैतानावरील हा विजय शस्त्राने नव्हे, तर येशूचे क्रूसावरील मरण व पुनरुत्थान यांनी साधतो आणि त्याची पूर्तता येशूच्या द्वितीय आगमनाच्या वेळी होते (पहा : प्रकटीकरण). नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ तारणाऱ्याच्या प्रतीक्षेस वाहिलेला असतो.

महत्त्व : फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी ही श्रद्धा ओवीबद्ध मराठीत मांडली. रायतूर (गोवा) येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलेल्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराण’ या ग्रंथाच्या पहिल्या पुराणात आदाम व एवा यांच्या पतनापासूनची प्रतीक्षा, तर दुसऱ्यात येशूचे चरित्र आहे (पहा : ख्रिस्तपुराण). ना. वा. टिळकांनी आरंभलेले व लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केलेले ‘ख्रिस्तायन’ याच परंपरेतील होय.