लातूरचा ट्यूशन एरिया आणि आपण मुरुडकर

शाळेच्या आठवणी स्मरणिकेत भरपूर असतील. मी दहावीनंतरच्या वस्तीबद्दल लिहितो, कारण आपल्यापैकी अनेकांची अकरावी-बारावी तिथंच गेली.

आपल्या आजोबांचं लातूर म्हणजे गंजगोलाई. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली आणि व्यापार वाढला. फय्याजुद्दीन यांनी आखलेली गोलाई 1917 ची. मध्यभागी अंबाबाईचं देऊळ, भोवती 16 रस्ते. सोनं, चपला, मिरची, गूळ यांच्या वेगवेगळ्या ओळी. आजोबा माल विकायचे, बाजार करायचे आणि दिवस मावळायच्या आत परतायचे. लातुरात मुक्काम करण्याची वेळ आली ती आपल्या पिढीवर.

दयानंद महाविद्यालय 1961 चं, राजर्षी शाहू महाविद्यालय 1970 चं. 1982 मध्ये लातूर जिल्हा झाला. शाहू महाविद्यालयात जनार्दन वाघमारे आणि पुढे अनिरुद्ध जाधव या प्राचार्यांच्या काळात जादा तास आणि सरावपरीक्षांवर सराव यांची जी शिस्त बसली, तिला लोक ‘लातूर पॅटर्न’ म्हणू लागले. गुणवत्ता यादीत लातूरची नावं दिसू लागली, तशी गावोगावची मुलं येऊ लागली. मग खाजगी क्लासेस आले. शिवाजीनगर आणि आसपासच्या भागाला ‘ट्यूशन एरिया’ हे नाव नगरपालिकेनं दिलेलं नाही, रिक्षावाल्यांच्या तोंडून ते रूढ झालं असावं.

मी राहायला गेलो तेव्हा आमच्या घरमालकांचं घर बैठं होतं. पुढं अंगण, तुळस, मागं पत्र्याची एक खोली. तीत आम्ही तिघं. डबा मुरुडहून यष्टीनं यायचा. कंडक्टर तो उतरवायचा आणि आम्ही सायकलवर स्टँडला पळायचो. भाकरी गार झालेली असायची, पण वरच्या फडक्याची गाठ आईनंच बांधलेली कळायची. पुढं त्या अंगणात जिना आला, मग एकावर एक तीन मजले. खोली भाड्यानं देण्याऐवजी कॉट भाड्यानं देणं सुरू झालं. तळमजल्यावर मेस, शेजारी झेरॉक्स, समोर अभ्यासिका.

या वस्तीला गुणांचा कारखाना म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते अर्धंच खरं वाटतं. शेतकऱ्याच्या मुलीला एकटीनं शहरात राहू द्यायला बाप तयार झाला, तो घरमालकीण मावशीच्या भरवशावर. पण गल्लीतले बहुतेक चेहरे दर दोन वर्षांनी बदलतात, आणि नापास झालेला पोरगा रात्रीतून सामान आवरून जातो तेव्हा शेजारच्या खोलीलाही पत्ता नसतो. हेही तिथंच पाहिलं.

2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं. मिरजेहून पाण्याची रेल्वे आपल्या मुरुडवरूनच लातूरला गेली. 12 एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. मावशींनी तेव्हा टँकर विकत घेऊन कॉट चालू ठेवल्या, पोरांना अंघोळीला एक बादली ठरवून दिली.

2020 च्या मार्चमध्ये मात्र त्यांचे तिन्ही मजले चार दिवसांत रिकामे झाले. त्यांची स्वतःची मुलं पुण्यात. फोनवर त्या एकेका पोराला सांगत होत्या, “पुस्तकं तरी घेऊन जा रे.” परवा गेलो होतो. वर पुन्हा सगळ्या कॉट भरल्यात, आणि न नेलेल्या पुस्तकांची दोन पोती अजून जिन्याखाली आहेत.