चार लाख रुपये आणि गोव्याचे मीठ

२६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात लिस्बन येथे एक करार झाला. तो आज आठवला जातो तो मुरगाव बंदर आणि रेल्वेमुळे. सामान्य गोवेकराच्या चुलीपर्यंत पोहोचले ते मात्र त्यातले मिठाचे कलम.

हे मीठ यायचे कुठून? मांडवी आणि जुवारीच्या मुखातून भरतीचे खारे पाणी कित्येक मैल आत शिरते. शतकानुशतके गावकऱ्यांनी चिखल, पेंढा आणि जांभा दगड वापरून बांध घातले व खाडीकाठची सखल जमीन राखली. हीच खाजने. बांधातल्या लाकडी दाराला मानस म्हणतात. भरतीच्या रेट्याने ते आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. पहाऱ्याला माणूस लागत नाही. पावसाने जमिनीतला खार धुतला, की तिथे कोरगुट भात पिके. मानशीपाशी जाळे लावून मासळी धरली जाई आणि त्या हक्काचा लिलाव होई. काही खाजनांत उन्हाळ्यात मिठागरे फुलत. बांधांची देखभाल गावकरी संस्थेकडे असे. तिच्या चालीरीती पोर्तुगीजांनी १५२६ मध्येच लेखी नोंदवून घेतल्या होत्या.

एकाच चिखलातून भात, मासळी आणि मीठ! यांपैकी दूरच्या बाजारात सर्वाधिक मागणी मिठाला होती. बैलांच्या तांड्यांवरून ते घाट चढून जाई.

नेमके हेच कलकत्त्याच्या सरकारला खुपत होते. मिठावरील कर हा ब्रिटिश राजवटीचा भरवशाचा महसूल होता. सांभर सरोवर तिने १८७० मध्ये भाडेपट्ट्याने घेतलेच होते. मीठ जिथे तयार होते तिथेच ताब्यात घ्यायचे, हे धोरण ठरले आणि १८७९ मध्ये देशांतर्गत जकातीचे ते प्रसिद्ध काटेरी कुंपणही निकालात निघाले. या व्यवस्थेत गोव्याचे स्वस्त मीठ म्हणजे उघडे भगदाड होते.

१८८० पासून करार अमलात आला. गोव्यातील मीठ-उत्पादनावर ब्रिटिश नियंत्रण बसले, अनेक लहान मिठागरे बंद पडली, मीठ महागले. पावसाळ्याच्या बेगमीसाठी मासळी खारवणाऱ्या घरांना याची झळ किती बसली असेल, याची कल्पना करता येते. मुंबईकडे जाणाऱ्या गोवेकरांचा ओघ जुनाच होता. या वर्षांत तो वाढला.

मोबदला ठरला वर्षाला चार लाख रुपये. ही रक्कम पोर्तुगीज सरकारला मिळे, आणि नव्या रेल्वे कंपनीला दिलेल्या व्याजाच्या हमीसाठी ती तारण होती. खाडीच्या मिठाची किंमत अशा रीतीने रुळांच्या कर्जात वळती झाली.

१८९२ मध्ये कराराची मुदत संपली आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. मिठागर मात्र दरवर्षी नव्याने चोपून, सपाट करून तयार करावे लागते. बारा वर्षे ओस पडलेल्या आगरात तोवर गाळ भरलेला असतो.