पोर्तुगीज शहरांची वाट



गेल्या आषाढी एकादशीस आमच्या वाशीमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. घरांतील तरुण मंडळींनीं लिस्बन व पोर्तो हीं शहरें पाहण्याचा व तेथील पक्वान्नें चाखण्याचा बेत आंखला होता. खर्चाचा आंकडा ऐकून मी म्हणालों, “पोर्तुगीजांचीं शहरें पाहायचीं तर तीं आपल्या उंबरठ्याशींच आहेत. आधीं वसई, रेवदंडा आणि गोवें पाहूं. मग लिस्बनचा विचार करूं.” यावर माझी वडील बहीण, जिला आम्ही सारे अक्का म्हणतों, हातांतली माळ थांबवून म्हणाली, “ज्यांनीं आपलीं देवळें पाडलीं, माणसें बाटविलीं, त्यांचे वाडे पाहायला आणि त्यांचा पाव खायला पैसे मोडून जायचें होय रे?”

मीं आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला. पण ह्या प्रश्नाचें उत्तर मला चटकन देतां आलें नाहीं. तें शोधतां शोधतां सफरीचा जो आराखडा तयार झाला, तोच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

सफरीचा आरंभ मी नाशिकास करीन. वाशीमहून अकोल्यास जाऊन मुंबईची गाडी धरली कीं वाटेंत नाशिक लागतेंच. तेथें गोदेच्या कांठीं 1747 सालीं बांधलेलें नारोशंकराचें देऊळ आहे. त्याच्या तटावर जी प्रचंड घंटा टांगलेली आहे, ती मूळची पोर्तुगीज चर्चमधील असून तिजवर 1721 हा सन कोरलेला आहे. वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांच्या हातीं आलेल्या अशा घंटा भीमाशंकरास व वांईजवळील मेणवलीसहि पाहावयास मिळतात. मुलांना ही घंटा आधीं दाखवावी, म्हणजे पुढचीं शहरें कोणत्या झगड्यांतून गेलीं आहेत तें त्यांच्या ध्यानीं येईल.

दुसरा मुक्काम वसई. 1534 सालीं गुजरातच्या बहादूरशहाकडून ती पोर्तुगीजांच्या हातीं गेली आणि पुढें दोनशें वर्षें त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होऊन राहिली. मुंबईचें बेट त्या वेळीं वसईच्या मानानें अगदींच गौण होतें. 1661 च्या विवाहकरारानें तें इंग्रजांस आंदण म्हणून देण्यांत आलें. मे 1739 मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली, आणि शरण आलेल्या शिबंदीस बायकामुलांसह सन्मानानें जाऊं दिलें. आज किल्ल्यांत जेझुइट, डॉमिनिकन व फ्रान्सिस्कन पंथीयांच्या चर्चच्या भिंती छपरावांचून उभ्या आहेत व त्यांवर झाडें वाढलीं आहेत. किल्ला सकाळींच पाहावा, आणि परततांना बाजारांतून वसईचीं सुकेळीं घ्यावीं. वाळविलेल्या केळ्यांचा हा मेवा उपासासहि चालतो.

तेथून मुंबईस येऊन, खाडी ओलांडून अलिबागेस जावें. अलिबागच्या दक्षिणेस रेवदंडा आहे. पोर्तुगीजांचें चौल शहर तें हेंच. 1570-71 सालीं अहमदनगरच्या निजामशहानें त्याला वेढा घातला असतां तें पडलें नव्हतें. पण वसई गेल्यावर 1740 सालीं तेंहि मराठ्यांस मिळालें. नारळी-पोफळींच्या बागांमधून तटबंदी हिंडत पाहावी. दिवस थंडीचे असल्यास एखाद्या ओळखीच्या घरीं पोपटी करावयास सांगावी. वालाच्या कोंवळ्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्याबरोबर मडक्यांत भरून, मडकें उपडें घालून आगीवर भाजतात, तिचें नांव पोपटी. खाडीपलीकडे कोर्लईच्या किल्ल्याखालीं एक गांव आहे. तेथील ख्रिस्ती वस्ती आजहि पोर्तुगीजपासून झालेली एक बोली बोलते. आपल्या बोलीस ते ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. धनी जाऊन पावणेतीनशें वर्षें होऊन गेलीं, आणि ही बोली मच्छिमारांच्या व शेतकऱ्यांच्या घरांत जिवंत राहिली. ही माणसें कोणी जेते नव्हेत. तीं ह्याच किनाऱ्याचीं लेकरें आहेत.

मग पनवेलला येऊन कोंकण रेल्वेनें गोव्यांतील करमळीस उतरावें. जुनें गोवें तेथून अगदीं जवळ आहे. 25 नोव्हेंबर 1510 रोजीं आल्बुकर्कनें हें शहर आदिलशाहीकडून घेतलें. पुढें तें इतकें वैभवास चढलें कीं, ज्यानें गोवें पाहिलें त्याला लिस्बन पाहण्याचें कारण नाहीं, अशी म्हणच पोर्तुगीजांत पडली. पुढें रोगराईनें शहर ओस पडत गेलें आणि 1843 सालीं राजधानीचा मान अधिकृतपणें पणजीकडे गेला. 1605 सालीं पवित्र झालेलें बॉम जेझूचें चर्च, तेथें ठेवलेलें झेवियरचें शव, प्रशस्त से कॅथीड्रल, आणि ऑगस्टिनियन मठाचा अर्धवट उरलेला मनोरा, हें सारें पाहण्यास एक संबंध दिवस हवा. ह्याच शहरांत 1560 पासून 1812 पर्यंत, मधलीं चार वर्षें वगळतां, इन्क्विझिशनचें धर्मन्यायासन चाललें. अक्काचा राग खोट्या गोष्टीवर नव्हता.

म्हणून त्याच्या दुसऱ्याच दिवशीं फोंड्याकडे जावें. सोळाव्या शतकांत देवळें पडूं लागलीं, तेव्हां भक्तांनीं आपले देव नदीपलीकडे नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. फोंडा प्रांत त्या वेळीं आदिलशाहीच्या अमलाखालीं होता, हें मुद्दाम लक्षांत ठेवण्याजोगें आहे. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराची स्थापना नार्व्यास झाली, व तें देऊळ 1668 सालीं शिवाजी महाराजांनीं नव्यानें बांधविलें. आमच्या वाशीमच्या श्रीबालाजीची मूर्तीहि विध्वंसाच्या भयानें भूमींत लपविली होती व पुढें सांपडली, अशी आख्यायिका आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. मंगेशीच्या सभामंडपांत बसलें असतां वाशीमच्या माणसाला परकें वाटणार नाहीं.

आतां भोजनाविषयीं. पणजीच्या फोंतान्यांस भागांतील जुन्या घरांच्या गल्ल्यांतून हिंडतांना सकाळीं पोदेराचा भोंगा ऐकूं येतो. पोदेर म्हणजे पाववाला. कोंड्याची गोल ‘पोय’ तो दारोदार विकतो. हा पाव पूर्वीं माडाच्या सुरेनें फुगवीत, हें सोंवळें पाळणाऱ्यांनीं जाणून असावें. विंदालू हें मांसाचें असतें व बेबिंकेंत अंडीं असतात, हें आधींच सांगून ठेवतों. शाकाहारी कुटुंबास खतखतें, अळसांद्यांची उसळ व सोलकढी पुरेशी आहे.

पाव विहिरींत टाकून गांवेंच्या गांवें बाटविलीं, अशी कथा कोंकणांत सांगतात. ती सर्वस्वीं खरी असो वा नसो, अशा बाटलेल्यांस परत घरांत घेण्याचें दार आपणच लावून घेत असूं, ही गोष्ट मात्र खरी. अक्कानें जन्मांत पाव तोंडांत घातला नाहीं, तो ह्याच धास्तीपोटीं.

पण त्या एकादशीस तिच्या ताटांत काय होतें? साबुदाण्याची खिचडी. आजचा साबुदाणा ज्या कंदापासून करितात तो कंद मूळचा ब्राझिलकडचा. शेंगदाणा, बटाटा, रताळें, हिरवी मिरची हीं सारीं अमेरिका खंडांतलीं. ज्ञानेश्वरांच्या काळीं उपास करणाऱ्यानें ह्यांतला एकहि जिन्नस पाहिला नव्हता. मिरची तर पोर्तुगीजांच्या जहाजांतूनच इकडे आली. बटाटा, काजू, अननस, पपई, कोबी, आणि घरांतली चावी, घमेलें, पगार हे शब्दहि त्यांचेच. ताटांत आपलें म्हणून राहिलें तें तूप आणि जिरें!

हें मीं अक्कास सांगितलें, तेव्हां ती बराच वेळ बोलली नाहीं. मीहि तिला एवढेंच म्हणालों, “मिरचीनें देवळाची भरपाई होत नाहीं. पण ज्या जहाजांतून जुलूम आला त्याच जहाजांतून तुझी खिचडीहि आली. दोन्ही गोष्टी मुलांना एका ठिकाणीं उभें करून दाखवाव्यात, एवढ्यासाठींच जायचें.” 19 डिसेंबर 1961 रोजीं गोवें मुक्त झालें. आतां तेथें जाणारा मराठी माणूस कोणाचा अंकित म्हणून जात नाहीं. तेव्हां त्यानें मोकळ्या मनानें पाहावें.

सफरीस दहा दिवस पुरेत. डिसेंबर-जानेवारी हा काळ उत्तम. मात्र 3 डिसेंबरला झेवियरचा सण असल्यानें जुन्या गोव्यांत फार गर्दी असते, ती टाळावी. आमचीं तिकिटें काढलीं आहेत. अक्का येणार आहे. मंगेशीचें दर्शन आधीं आणि जुनें गोवें मागून, अशी तिची अट होती. ती आम्हीं मान्य करून माझ्या आराखड्यांतले दोन दिवस उलटे केले. पाव खायचा कीं नाहीं तें तेथें गेल्यावर ठरवीन, असें ती म्हणते. आम्ही तिला आग्रह करणार नाहीं.