सायकल मार्गांची खरी कसोटी चौकात

एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या रस्त्यांवर आता स्वयंचलित दुचाकींचे राज्य आहे. तरीही कामगार, सुरक्षारक्षक आणि शाळकरी मुले अशा अनेकांसाठी सायकल ही हौस नसून गरज आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य देण्याचे तत्त्व मांडले. त्याच वर्षी सुरू झालेल्या कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी मार्गालगत सायकल मार्गही आखण्यात आले. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखड्याला मंजुरी दिली. मात्र, बांधलेले मार्ग अनेक ठिकाणी तुटक राहिले, तर काही ठिकाणी त्यांचे वाहनतळ झाले. त्यामुळे किती किलोमीटर मार्ग बांधला, यापेक्षा त्यावरून न उतरता किती अंतर जाता येते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

मोजायचे काय?

नेदरलँड्समधील नियोजनात सायकल मार्गासाठी पाच निकष मानले जातात : सलगता, थेटपणा, सुरक्षितता, सोय आणि प्रसन्न परिसर. आपल्याकडील पाहणीलाही ते उपयोगी पडतात. सायकलस्वाराला सरळ जाण्यासाठी साधारण एक मीटर रुंदी लागते. दुसऱ्याला ओलांडून पुढे जायचे, तर किमान दोन मीटर हवेत. ही रुंदी नकाशावरची नव्हे, तर खांब, वीजपेट्या, झाडांचे आळे आणि उभी वाहने वजा जाता उरणारी असावी. मार्ग दोन्ही दिशांनी वापरला जात असेल, तर रुंदी त्याहून अधिक लागते.

पाहणी कशी करावी?

शाळा, बाजार किंवा बसथांबा यांना जोडणारा दोन-तीन किलोमीटरचा मार्ग निवडावा. त्याचे चौक ते चौक असे तुकडे पाडून प्रत्येकाची स्वतंत्र नोंद करावी. पाहणी गर्दीच्या वेळी, अंधार पडल्यावर आणि पावसात अशी तिन्ही वेळा करणे इष्ट. पाणी कोठे साचते, दिवे कोठे बंद आहेत, हे एरवी कळत नाही.

सर्वांत बोलका आकडा म्हणजे सायकलवरून किती वेळा उतरावे लागले. त्याच्या जोडीला तासाभरात किती सायकली गेल्या, त्यांत महिला व मुले किती, आणि मार्ग असूनही मुख्य रस्त्यावरून किती जण गेले, याची मोजणी करावी. सायकलस्वार मार्ग टाळत असतील, तर दोष बहुधा मार्गात असतो. सराईत सायकलपटूपेक्षा बारा वर्षांच्या मुलीला तेथून एकटे पाठवता येईल का, ही कसोटी अधिक खरी. कोपनहेगन शहर १९९५ पासून सायकलविषयक अहवाल प्रसिद्ध करीत आले असून, नागरिकांना सायकल चालविताना किती सुरक्षित वाटते, हेही त्यात नोंदविले जाते.

सुधारणांचा क्रम

प्रथम अल्पखर्चाची कामे हाती घ्यावीत. अडथळे हलविणे, ढासळलेले पेव्हर ब्लॉक सपाट करणे आणि झाकणे रस्त्याच्या पातळीला आणणे ही त्यांपैकी प्रमुख. पावसाळी गटाराच्या जाळीच्या पट्ट्या प्रवासाच्या दिशेने असतील, तर सायकलचे चाक त्यांत अडकते. त्या आडव्या बसवाव्यात. मोटारी रोखण्यासाठी बसविलेल्या खांबांमध्ये सुमारे १.२ मीटर अंतर असावे. त्याहून कमी अंतरात सामानाची सायकल व व्हीलचेअर अडते. मात्र, खांबांनी स्वयंचलित दुचाकी थांबत नाही. तेथे वाहतूक पोलिसांची कारवाईच हवी.

त्यानंतर सोसायट्यांची प्रवेशद्वारे. प्रत्येक फाटकापाशी सायकल मार्ग खाली उतरविण्याऐवजी तो समपातळीत ठेवून मोटारींनी चढ चढावा, अशी रचना असावी. त्यामुळे वाहनांचा वेग आपोआप कमी होतो.

सर्वांत अवघड काम चौकांचे. नेमक्या धोक्याच्या जागी मार्ग संपत असेल, तर आधीच्या किलोमीटरभर बांधकामाचा उपयोग थोडाच उरतो. डावीकडे वळणाऱ्या वाहनांसाठी वळण अरुंद करणे, झेब्रा पट्ट्यांलगत सायकलींसाठी स्वतंत्र पट्टा आखणे, मोटारींच्या पुढे सायकलींची थांबण्याची जागा ठेवणे आणि त्यांना काही सेकंद आधी हिरवा दिवा देणे, हे उपाय करता येतात.

प्रत्येक गल्लीत स्वतंत्र मार्ग शक्य नाही आणि आवश्यकही नाही. अंतर्गत रस्त्यांवर वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत आणल्यास तोच रस्ता सायकलयोग्य होतो.

जबाबदारी कोणाची?

मार्ग पथ विभागाचा, वीजपेटी वीज कंपनीची, सिग्नलचे नियोजन पोलिसांचे, अशा विभागणीत काम अडते. त्यामुळे तक्रार ‘मार्ग खराब आहे’ अशी मोघम नसावी. ठिकाण, छायाचित्र, मोजमाप व संबंधित विभाग यांसह ती क्षेत्रीय कार्यालयात द्यावी. अंदाजपत्रकात नागरिकांची कामे सुचविण्याची पद्धत पुणे महापालिकेने २००६ मध्ये सुरू केली. वरील किरकोळ दुरुस्त्या अशा सूचनांत बसण्याजोग्या आहेत. काम झाल्यावर त्याच ठिकाणी, त्याच वेळी पुन्हा मोजणी करावी. सायकलस्वारांची संख्या वाढली आणि उतरण्याच्या जागा घटल्या, तरच मार्ग सुधारला असे म्हणता येईल.