भारती ब्रेल आणि अंधशाळांचे परस्परसंबंध

भारतातील अंधशिक्षणाचा इतिहास बहुधा संस्थापकांच्या चरित्रांतून सांगितला जातो. ॲनी शार्प यांनी १८८७ साली अमृतसर येथे काढलेली शाळा या परंपरेत पहिली मानतात. ती १९०३ मध्ये डेहराडूनजवळील राजपूर येथे हलविण्यात आली. दक्षिणेस पाळैयंकोट्टै येथे १८९० मध्ये ॲन ॲस्क्विथ यांनी, तर कलकत्त्यास १८९७ मध्ये लालबिहारी शाह यांनी हे कार्य हाती घेतले. मुंबईत १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या पाठोपाठ, १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांची शाळा निघाली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपास आली. १९०२ मध्ये ताडदेव येथे व्हिक्टोरिया मेमोरियल शाळेची स्थापना झाली. ही नामावळी आदरणीय आहे, यात शंका नाही. परंतु या शाळा एकमेकींस काय देऊ शकत होत्या, असा प्रश्न केल्यास हाती येणारे उत्तर फारसे समाधानकारक नाही. पुष्कळदा त्या एकमेकींस साधे पुस्तकही देऊ शकत नव्हत्या.

याचे कारण लिपीत होते. लुई ब्रेल (१८०९-१८५२) याच्या पद्धतीत सहा टिंबांच्या चौकटीतून त्रेसष्ट निरनिराळ्या खुणा सिद्ध होतात. फ्रेंच वर्णमालेस त्या पुरून उरल्या. मात्र आपल्या वर्णमालेतील स्वर, पाच वर्ग, महाप्राण आणि मूर्धन्य वर्ण यांस त्यांतील कोणती खूण द्यावयाची, हे कोणी ठरविलेले नव्हते. ज्याने त्याने ते आपापल्या परीने ठरविले. नोल्स व गार्थवेट यांची ओरिएंटल ब्रेल, शिरेफ यांची पद्धती, बंगालीसाठी शाह यांची, गुजराथीकडे डॉ. नीलकंठराय छत्रपती यांची, अशा अनेक पद्धती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रचारात होत्या. यात शिक्षकांचा हटवाद पाहणे अन्यायाचे होईल. समोर मुले बसलेली, त्यांस वाचावयास शिकवावयाचे, आणि विचारावयास कोणी नाही, अशा स्थितीत प्रत्येकाने आपली लिपी रचली. तथापि त्यामागे दोन भिन्न दृष्टी होत्या, हे ध्यानात घेतले पाहिजे. एका मताने भारतीय वर्णमालेचा क्रम व वर्गरचना प्रमाण मानून टिंबांची नव्याने वाटणी करावी. दुसऱ्या मताने ब्रेलने ज्या ध्वनीस जी खूण दिली ती तशीच राखावी आणि आपल्या विशेष ध्वनींपुरती उरलेल्या खुणांची योजना करावी.

या मतभेदाची किंमत मुलांच्या बोटांनी चुकविली. छापखाना नसलेल्या शाळेत ब्रेलचे पुस्तक म्हणजे हाताने टोचून काढलेली प्रत होय. जाड कागद खाचांच्या पाटीत बसवावयाचा, उजवीकडून डावीकडे एकेक टिंब टोच्याने उठवावयाचे आणि पान उलटून डावीकडून वाचावयाचे. डोळसांच्या एका क्रमिक पुस्तकाचे असे अनेक जाडजूड खंड होतात. एवढ्या श्रमाने सिद्ध झालेली प्रत अन्य पद्धतीने शिकलेल्या मुलापुढे ठेवली, तर त्यास ती निव्वळ खरखरीत कागदासारखी वाटावी, यापरती विटंबना कोणती? डोळस मनुष्य अनोळखी लिपीचे अक्षर निदान चित्रासारखे पाहू शकतो. स्पर्शाने वाचणाऱ्याचा वेग सवयीवर अवलंबून असतो, आणि ओळखीच्या खुणेस नवा अर्थ आला की ती सवयच त्याची वैरीण होते. एका शाळेतून दुसरीत गेलेल्या मुलास म्हणूनच नवे शिकण्यापूर्वी जुने विसरावे लागे. वाचकवर्ग असा तुकड्यातुकड्यांनी विभागलेला असता, यंत्रावर ब्रेल छापण्याचा खर्च कोणत्या संस्थेने कशाच्या बळावर करावयाचा?

शासनाच्या रचनेतूनही या कामी साहाय्य होण्याजोगे नव्हते. १९१९ च्या कायद्याने शिक्षण हा विषय प्रांतांकडे गेला. मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळ १९२३ मध्ये बंद झाले, ते १९३५ मध्ये पुन्हा अस्तित्वात आले. प्रांतांच्या सीमा ओलांडणारा हा प्रश्न हाती घेण्यास मधल्या बारा वर्षांत अखिल भारतीय पीठच उरले नव्हते. १९४१ नंतर या मंडळाच्या समितीकडे काम आले व तिने एकरूप भारतीय ब्रेलचा आराखडा तयार केला. परंतु तो सर्वांस मान्य झाला नाही. १९४४ च्या अंधत्वविषयक अहवालाने देशातील अंधांची संख्या सुमारे वीस लक्ष धरली होती. गॅलिपोलीच्या रणांगणावर दृष्टी गमावलेले न्यूझीलंडचे सर क्लुथा मॅकेंझी यांचा त्या अहवालाशी निकटचा संबंध होता. पुढे ब्रेलच्या जागतिक एकीकरणातही त्यांनीच पुढाकार घेतला.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नास वेगळे वळण लागले. १९४९ साली भारत सरकारने तो युनेस्कोपुढे नेला. देशांतर्गत भांडण मिटविण्यासाठी परदेशी मध्यस्थ शोधला, असे कोणी म्हणेल. परंतु अरबी, फार्सी, उर्दू, मलाय या भाषांपुढेही तोच पेच होता. मार्च १९५० मध्ये पॅरिस येथे आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये बैरूत येथे परिषदा झाल्या. दोहोंस भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चतर्जी उपस्थित होते. दिल्लीत शिक्षण मंत्रालयात १९४७ पासून काम करणारे लाल अडवाणी स्वतः दृष्टिहीन होते, हेही नमूद करण्याजोगे आहे. ज्यांच्या बोटांचा प्रश्न त्यांचा आवाज त्या कचेरीत पोचला होता. १९५१ मध्येच भारती ब्रेल मान्य झाली.

तिचे तत्त्व थोडक्यात असे, की समान ध्वनीस सर्व भारतीय भाषांत एकच खूण, आणि ती शक्य तेथे ब्रेलच्या मूळ मूल्याशी जुळणारी. चौकटीच्या डाव्या ओळीतील टिंबांस वरून खाली १, २, ३ आणि उजव्या ओळीतील टिंबांस ४, ५, ६ असे क्रमांक आहेत. 'क' म्हणजे १-३, 'म' म्हणजे १-३-४, 'ल' म्हणजे १-२-३. इंग्रजीतील के, एम व एल याच खुणांचे. 'कमल' हा शब्द मराठी, गुजराथी व बंगाली मुलाच्या बोटाखाली म्हणून एकच असतो. डोळसांच्या मात्र तीन लिप्या होतात. 'क' ची टिंबे उजवीकडे सरकविली की 'ख' (४-६), 'ब' ची (१-२) सरकविली की 'भ' (४-५). ही युक्ती सर्व वर्गांत पाळता आलेली नाही. शिवाय एकाच ओळीतील टिंबे डावीकडची की उजवीकडची, हे सुटे अक्षर चाचपताना चटकन कळत नाही, हा तिचा दोषही होय. स्वर आणि त्याची मात्रा यांस एकच खूण असून ती व्यंजनानंतर येते. त्यामुळे देवनागरीत व्यंजनाच्या आधी लिहिली जाणारी ऱ्हस्व वेलांटी येथे उच्चाराच्या क्रमाने वाचली जाते. 'क्ष' व 'ज्ञ' यांस स्वतंत्र खुणा आहेत. एरवी जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण, टिंब ४, व्यंजनाच्या अगोदर येते. संगणकावरील भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये प्रमाण ठरलेल्या इस्की संकेतातही समान वर्णास समान स्थान देण्याचा हाच विचार आढळतो.

जुन्या पद्धतीवर वाढलेल्यांस मात्र या निर्णयाने पुन्हा मुळाक्षरांपाशी आणून बसविले, आणि हाताने टोचलेली पुस्तके निरुपयोगी ठरू लागली. एकीकरणाच्या गौरवात या हानीचा उल्लेख क्वचितच येतो.

पुढील घटनांचा वेग मात्र लक्षणीय आहे. १९५१ मध्ये डेहराडून येथे मध्यवर्ती ब्रेल छापखाना निघाला. आता एकाच लिपीपद्धतीवर अनेक भाषांची पुस्तके तेथे छापणे शक्य होते. १९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली. १९६० नंतरच्या दशकात मुंबई, दिल्ली, मद्रास व कलकत्ता येथे अंधांच्या शिक्षकांसाठी प्रादेशिक प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली. प्रशिक्षण केंद्रास निश्चित अभ्यासक्रम हवा आणि अभ्यासक्रमास निश्चित लिपी. म्हणून ही केंद्रे १९५१ पूर्वी निघती, तर तेथे शिकलेला शिक्षक आपल्या शाळेपलीकडे कितपत उपयोगी पडला असता, हे सांगणे कठीण आहे. केंद्र सरकारच्या १९७४ च्या एकात्म शिक्षण योजनेने वसतिगृहाच्या शाळेबाहेर, गावच्या सामान्य शाळेत अंध मूल बसविण्याची वाट मोकळी केली. तेथे अशा मुलास शिकविणारा शिक्षक अनेक शाळांतून फिरता असे, आणि डेहराडूनला छापलेले खंड टपालाने येत.

एक काम मात्र या एकीकरणाच्या कक्षेबाहेर राहिले. इंग्रजी ब्रेलमध्ये वारंवार येणाऱ्या शब्दांस व अक्षरसमूहांस संक्षेप आहेत; १९३२ साली ब्रिटन व अमेरिका यांचे त्यांविषयी एकमत झाले. त्यामुळे पाने वाचतात आणि वाचनाचा वेगही वाढतो. भारती ब्रेलने वर्ण निश्चित केले, संक्षेप नव्हेत. ते प्रत्येक भाषेच्या शब्दरचनेतूनच काढावे लागतात. मराठीतील 'आणि', 'आहे', '-साठी' यांचे संक्षेप तमिळला उपयोगी पडणार नाहीत. बैरूतला सुटू शकला तो ध्वनींचा प्रश्न; शब्दांचा प्रश्न त्या त्या भाषेच्या वाट्यास आला.