एईडी: मोठ्यांपासून तान्ह्यांपर्यंत

हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागले, की रक्ताभिसरण थांबते आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. ही थरथर विजेने थांबवता येते, हे जिनिव्हातील ज्याँ-लुई प्रेवो आणि फ्रेदेरिक बातेली यांनी 1899 मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले. सौम्य झटक्याने थरथर सुरू होई, जोरकस झटक्याने थांबे. पुढची तीसएक वर्षे या शोधाची फारशी दखल घेतली गेली नाही. विजेच्या तारांवर काम करणारे कामगार दगावू लागले, तेव्हा अमेरिकेतील वीज उद्योगाच्या पैशातून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन या विद्युत अभियंत्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा हाती घेतला.

या उपायाने वाचलेला पहिला रुग्ण 14 वर्षांचा मुलगा होता. 1947 मध्ये क्लीव्हलँड येथे डॉ. क्लॉड बेक त्याच्या छातीच्या हाडांतील व्यंगावर शस्त्रक्रिया करत होते. ती संपत आली असताना हृदय बंद पडले. बेक यांनी छाती पुन्हा उघडली, अर्ध्या तासाहून अधिक काळ हृदय हाताने दाबत ठेवले आणि प्रयोगशाळेतले यंत्र मागवून त्याच्या पट्ट्या थेट हृदयाला लावल्या. पहिल्या झटक्याने काम झाले नाही, नंतरच्या झटक्याने झाले. मुलगा बरा होऊन घरी गेला.

छाती न उघडता, त्वचेवरून झटका देण्यात बोस्टनचे पॉल झोल 1956 पर्यंत यशस्वी झाले होते. तरी रुग्ण रुग्णालयात पोहोचेपर्यंत वेळ निघून जाई. छातीवर दाब दिला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते. म्हणून बेलफास्टच्या फ्रँक पॅन्ट्रिज यांनी 1965 मध्ये मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे, सुमारे 70 किलोंचे यंत्र रुग्णवाहिकेत बसवले.

तरीही झटका द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी हृदयाचा आलेख वाचायला जाणकार माणूस लागतच होता. हा अडसर 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील पोर्टलंडमध्ये आर्च डायक आणि सहकाऱ्यांनी दूर केला. त्यांचे यंत्र स्वतःच आलेख तपासून झटक्याचा निर्णय घेई. सुरक्षिततेतील सर्वांत मोठी झेप हीच म्हणावी लागेल, कारण गरज नसताना झटका बसण्याची भीती त्यामुळे बरीच कमी झाली. अशा यंत्राला एईडी (ऑटोमेटेड एक्स्टर्नल डिफिब्रिलेटर) म्हणतात. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिएटलमधील अभ्यासात सहावीच्या मुलांनी यंत्र पहिल्यांदाच हाताळूनही पुतळ्याला सरासरी 90 सेकंदांत झटका दिला. प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना 67 सेकंद लागले. त्याच वर्षी शिकागोच्या विमानतळांवर ही यंत्रे भिंतींवर लागली. तिथे दोन वर्षांत हृदयाची थरथर होऊन कोसळलेल्या 18 जणांपैकी 11 जण वाचले.

माणसाकडे उरलेली कामे थोडी, पण ती चोख व्हायला हवीत. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही अशा व्यक्तीलाच यंत्र लावायचे. छाती उघडी करून ओली असल्यास पुसायची, औषधाची चिकटपट्टी असल्यास काढायची. यंत्राचे एक चिकट पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरे डाव्या काखेखाली. त्वचेखाली पेसमेकर दिसत असेल तर त्याच्यावर पॅड येऊ द्यायचे नाही. यंत्र आलेख तपासताना आणि झटका देताना रुग्णाला कोणाचाही हात लागू नये. झटका बसताच नाडी शोधण्यात वेळ न घालवता छातीवर दाब देणे सुरू करायचे, मिनिटाला 100 ते 120 वेळा, यंत्र पुन्हा थांबायला सांगेपर्यंत.

पहिला वाचलेला रुग्ण मुलगा असूनही एईडी लहान मुलांपर्यंत सर्वांत उशिरा पोहोचले. प्रौढांसाठीची ऊर्जा कोवळ्या हृदयाला इजा करील आणि मुलांची जलद नाडी यंत्राला चकवील, अशा दोन शंका होत्या. त्यामुळे 2000 च्या मार्गदर्शक सूचनांनी वयाची अट 8 वर्षे ठेवली. पुढे ऊर्जा सुमारे 50 जूलपर्यंत घटवणारे पॅड आले, मुलांचे आलेख यंत्राला ओळखता येतात याचे पुरावे जमले. 2003 मध्ये वर्षावरील मुलांसाठी आणि 2010 मध्ये तान्ह्या बाळांसाठीही परवानगी मिळाली. बाळासाठी डॉक्टरांनी चालवायचे, ऊर्जा कमी-जास्त करता येणारे यंत्र अधिक चांगले. ते नसेल तर एईडी वापरावे. मुलांचे पॅड नसल्यास मोठ्यांचे चालतात. छाती लहान असेल तर एक पॅड पुढे मधोमध आणि दुसरे पाठीवर खांद्याच्या फऱ्यांमध्ये लावतात, म्हणजे ती एकमेकांना टेकत नाहीत.