कान्हेरीचा डोंगर वाचताना

ऐरोलीच्या खाडीपुलावरून पश्चिमेला पाहिले, की मुलुंडमागे डोंगररांग दिसते. तिच्या पलीकडच्या अंगाला, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. सुमारे हजार वर्षे बौद्ध भिक्खूंनी तिथे वास्तव्य केले. जपानमधल्या पवित्र पर्वतांविषयी आणि तिथल्या यामाबुशी तपस्व्यांविषयी ज्यांना कुतूहल आहे, अशा वाचकांनी या घरच्या डोंगरापासून आरंभ करावा, असे आमचे अगत्याचे निमंत्रण आहे.

मूर्तींकडे वळण्याआधी पाणी पाहावे. जवळजवळ प्रत्येक विहाराशेजारी कातळात खोदलेले टाके आहे आणि पावसाचे पाणी त्यात उतरावे म्हणून माथ्यावर पन्हळी कोरल्या आहेत. कोरीव लेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. एक पोढी कल्याणच्या सोनाराने दिली. शेताचे उत्पन्न लावून देऊन वर्षावासातल्या भिक्खूंच्या चीवरांची कायमची सोय करणारे दातेही होते. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतला पैसा असा डोंगर चढत असे. संन्यास म्हणजे समाजाकडे पाठ, ही आपली समजूत इथे टिकत नाही; बाजारपेठेच्या आधाराविना इथली साधना एक उन्हाळाही निभावली नसती.

मग ४१ क्रमांकाच्या लेण्यात जावे. तिथे अकरा मुखांचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आहे. मूळ मस्तकावर बाकीची मुखे चढत्या थरांनी रचलेली. भारतीय शिल्पात हे रूप फार दुर्मिळ. जपानमध्ये मात्र त्याची भक्ती दूरवर पसरली, आणि २७०२ मीटर उंचीच्या हाकुसान पर्वताची देवता याच रूपात पुजली गेली. ताइचो या साधूने ७१७ साली तो पर्वत प्रथम चढल्याची परंपरा आहे. पुढे मेइजी राजवटीने बुद्ध आणि कामी (शिंतो देवता) यांची फारकत केली, १८७२ मध्ये यामाबुशींच्या शुगेन्दो पंथावर बंदी आली आणि हाकुसानच्या शिखरावरच्या बुद्धमूर्ती खाली आणाव्या लागल्या. सुदैवाने त्या जपल्या गेल्या.

शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या शिलालेखांवरचा १९९१ चा ग्रंथ इंग्रजीत आहे, तरी बिचकू नका. एकेक लेख घेऊन वाचा. पहिल्या फेरीत ३ क्रमांकाचे चैत्यगृह पुरे. वरच्या विहारांसाठी वेगळा दिवस ठेवा आणि सोमवार टाळा, त्या दिवशी उद्यान बंद असते.